मी लाइनवर आहे

३ फेब्रुवारी

आत्या,

वाकून नमस्कार. कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून जरा जास्तच खाली वाकले आहे असं समज.

पत्र पाहून दचकली असशील. दर रविवारी फोन करणारी भाची एकदम पाकिटं चिकटवायला लागली म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. घसा बसला आहे. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं आहे आणि ऑफिसने रजा दिली आहे. आमचं मदतकेंद्राचं काम म्हणजे दिवसभर बोलणंच. संकटातल्या माणसाचा फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत त्याला शब्दांनी धरून ठेवायचं. घशाने एखाद्या दिवशी संप केला तर त्याला तरी काय बोलणार?

तेव्हा काही दिवस फोन करू नकोस. मी उचलणार नाही आणि तू उगाच काळजी करशील. त्यापेक्षा पत्र लिही. तुझं पत्र येऊन किती वर्षं झाली.

घरी सगळं ठीक. परवा नवऱ्याने भाजी चिरताना बोट कापून घेतलं आणि आतून ओरडला. मी बाहेरूनच ओरडून पहिला प्रश्न केला, "आधी पत्ता सांगा." तो म्हणाला, "स्वयंपाकघर." सवय अशी असते बघ.

तुझी,
भाची

११ फेब्रुवारी

टकळे,

माझे आशीर्वाद नेहमीचेच आहेत, शिळे झालेले नाहीत.

पत्र पोचलं. वाचायला वेळ लागला, कारण उन्हात बसून वाचायचं ठरवलं होतं आणि ऊन काही माझ्या सोयीने येत नाही.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. केल्यास? आता खरं सांग. घसा बसलेली बाई स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडते कशी? खोटं बोलायचं तर नीट बोलावं, तुझ्या बापाला जमायचं तसं.

जावईबापूंशी वाजलं आहे का? वाजलं असेल तर कळव. मी कोणाचीही बाजू घेणार नाही. म्हणजे तुझीच घेईन, पण त्यांना कळू देणार नाही.

तुला माहीत आहे, माझा सगळा जन्म पोहण्याच्या तलावाच्या काठावर गेला. पहिल्या दिवशी पाण्यात न उतरणाऱ्या मुलींची पोटं हमखास दुखायची. मी कधी कोणाचं पोट दाबून बघितलं नाही. शेजारी बसायची आणि विचारायची, पाण्यात काय दिसलं?

तर टकळे, पाण्यात काय दिसलं?

माझी तब्येत ठणठणीत. वरच्या मजल्यावरचे गाडीमास्तर येऊन जाऊन असतात. दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि संध्याकाळी मला जग कसं चालतं ते शिकवतात. ओळी वरखाली झाल्या असतील तर पेन नवं आहे.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

पकडलंस.

आधी नवऱ्याला निर्दोष सोडते. तुझं वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आत्यांना कळव, भांडायला दोन्ही हात लागतात आणि माझ्या एकाला पट्टी आहे.

आता पाण्यातलं सांगते. दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांचा नवरा न्हाणीघरात पडला होता आणि श्वास घेत नव्हता. पत्ता त्यांनी अगदी स्पष्ट सांगितला. मी रुग्णवाहिका पाठवली आणि छाती कशी दाबायची ते सांगू लागले. दोन्ही हात, जोरात, माझ्याबरोबर मोजा. त्या मोजत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुम्ही आहात ना?" मी म्हणाले, "मी लाइनवर आहे. कुठेही जात नाही." आणि लाइन तुटली.

पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. रुग्णवाहिका पोहोचली एवढं पडद्यावर दिसलं. त्यापुढचं आम्हाला कधीच कळवत नाहीत. तसा नियमच आहे, आणि तो कोणीतरी शहाण्या माणसाने केला आहे, असं मी स्वतः नव्या मुलींना शिकवत आले. पुढचा फोन वाजला. मी बटण दाबलं आणि माझा आवाज निघेना. पलीकडचं माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिलं. शेवटी शेजारच्या खुर्चीवरच्या ताईंनी तो कॉल स्वतःकडे ओढून घेतला.

'आवाज निघेना' असं लिहिलं आणि थांबले. निघेना, की मी काढला नाही? 'कुठेही जात नाही' हे पुन्हा कोणाला सांगायची मला लाज वाटली का? मी तर गेले होते. लाइन तुटली म्हणजे मी गेले असं नाही, हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही, हीच तर अडचण आहे.

आता घरात फोन वाजला की मी मोरीत जाऊन नळ सोडते, म्हणजे तो ऐकू येत नाही. ऑफिसने समुपदेशक बाई दिल्या आहेत. बऱ्या आहेत. त्या म्हणतात, ताण कुठे जाणार नाही, तो पेलायची ताकद मात्र वाढवता येते. मी मान हलवते. घरी आल्यावर वाटतं, ती ताकद नक्की कुठल्या दंडात असते?

मार्चअखेर आमच्या मोठ्या बाई ठरवणार, की मी पुन्हा खुर्चीवर बसायचं की सामानाच्या खोलीत कायमची बदली घ्यायची. तिथे फोन नाही. सगळे म्हणतात, घे, सुटशील. आत्या, मला सुटायचं नाही. मला माझी खुर्ची हवी आहे.

हे पत्र कोणाला दाखवू नकोस. गाडीमास्तर म्हणजे तेच ना, मागच्या खेपेला मला चमचा हलवून गिअर कसे बदलायचे ते समजावत बसले होते?

तुझी,
भाची

२७ फेब्रुवारी

टकळे,

वाचलं. उशीर झाला.

पाण्याची भीती पाण्याबाहेर जात नाही. पण म्हणून कोणाला खोल पाण्यात ढकलायचं नसतं. पायरीवर बस. पाय सोड. उद्या एक पायरी खाली.

एवढंच. जास्त लिहवत नाही.

आत्या

५ मार्च

आत्या,

'जास्त लिहवत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं, की आता त्याचा अर्थच लागेनासा झाला आहे. जिने आयुष्यभर पोरींना पाण्यात उतरवलं तिची भाची फोन वाजला की मोरीत लपते, हे तुला पटलं नसणार. रागावली असशील तर समजू शकते. अक्षरातही राग दिसतो. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत आणि शेवटच्या 'नाही'तला 'ही' पानाच्या बाहेर गेला आहे. बहुधा तुझ्या टेबलावर असेल.

तरी तू सांगितलंस तसं करते आहे. पहिली पायरी म्हणून फोन उशीखाली ठेवून वाजू दिला आणि खोलीतच बसून राहिले. मग उशी काढली. मग नवऱ्याला शेजारच्या खोलीतून फोन करायला सांगितलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वाचवा हो, बायको महिनाभर घरीच आहे." मी पत्ता विचारला. तो म्हणाला, तुमच्याच पाठीमागे. खूप दिवसांनी हसले.

पण प्रामाणिकपणे लिहायचं तर ही अजून काठावरची ओल आहे. पलीकडे कोण आहे हे मला माहीत असतं, म्हणून मी उचलते. परवा खरा फोन वाजला, कोणाचा ते ठाऊक नव्हतं, आणि मी पुन्हा नळ सोडला. समुपदेशक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नळ सोडलात तर सोडलात, पण या वेळी तुम्ही ते आपण होऊन सांगितलंत. मला हे बक्षीस जरा स्वस्तात मिळाल्यासारखं वाटलं. पण घेतलं.

तो आगाऊ गाडीमास्तर तुझं डोकं खात नाही ना?

राग गेला की लिही.

तुझी,
भाची

१२ मार्च

टकळे,

अक्षर बघून घाबरू नकोस. माझं मनगट मुरगळलं आहे, म्हणून गाडीमास्तर लिहीत आहेत. मी बोलेन ते आणि तेवढंच लिहायचं, असं त्यांना बजावलं आहे.

रागावले कधी गं मी? तू मला ओळखतेस की नाही? रागावले असते तर जास्त लिहिलं असतं.

त्या बाईंचं काय झालं हे कळत नाही, यानेच तुला धरून ठेवलं आहे ना? तर ऐक. मी इतक्या पोरी पोहायला शिकवल्या. हात पाय मारायला लागल्या की गेल्या आपापल्या घरी. पुढे त्यातली कोणती नदी पार करून गेली आणि कोणती पुन्हा बादलीतसुद्धा उतरली नाही, मला काय ठाऊक? रस्त्यात भेटल्या तर ओळखणारही नाही. पण जोवर त्या पाण्यात होत्या तोवर माझा हात त्यांच्या पोटाखाली होता. तेवढंच माझं काम. तुझाही हात होता. लाइन तुटेपर्यंत होता. हात काढून घेणं वेगळं आणि पाण्याने हात सोडवणं वेगळं.

नळाचं बिल मात्र जावईबापूंना दाखवू नकोस.

आत्या

लेखनिकाकडून: बाई आत पाणी आणायला गेल्या आहेत, म्हणून भराभर लिहितो. मनगट ठणठणीत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आता त्यांना जवळजवळ दिसतच नाही. तुमची आधीची पत्रं त्यांनी उन्हात बसून, भिंग लावून एकेक अक्षर करत स्वतः वाचली, कारण कोणाला दाखवू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं. शेवटचं नाइलाजाने माझ्याकडून वाचून घेतलं. ऑपरेशनची तारीख मिळाली की यांना सर्दी होते. परवा जिन्याची पायरी चुकल्या. कठडा हाताशी होता म्हणून वाचल्या. शिकाऊ माणसाला गाडी शिकवताना एक ब्रेक माझ्याही पायाखाली असतो. यांचा ब्रेक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही फोन करा. तुम्हाला तो जड जातो, हे पत्र वाचताना कळलं, त्याबद्दल माफ करा. पण करा.

२४ मार्च

आत्या,

तू आत्ता ऑपरेशनच्या खोलीत आहेस. नर्सने तुझ्या कानाचा फोन काढून घेतला, दार लागल्याचा आवाज आला आणि मी इथे हातात फोन घेऊन बसले आहे. काय करावं सुचेना, म्हणून लिहिते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोन केला, तेव्हा तू फक्त माझा आवाज ऐकलास, त्याआधीचं तुला माहीत नाही. गाडीमास्तरांच्या त्या ओळी वाचल्या आणि पहिल्यांदा स्वतःचाच राग आला. मला फोन नको होता म्हणून मी तुझ्याकडून पत्रं मागितली. ज्या बाईला दिसत नाही तिला लिहायला लावलं, आणि वर अक्षरातला राग शोधत बसले. पण तुझंही काही कमी नाही. "पायरीवर बस" म्हणून भाचीला सांगायचं आणि स्वतः तारीख आली की शिंकायचं.

नंबर लावायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. मग वाटलं, लावणं म्हणजे काही उचलणं नव्हे. वाजेल तो तुझ्या घरी. एवढी पळवाट मला पुरली.

तू आधी मनगटाचंच सांगत बसलीस. मी गप्प राहिले. गप्प राहणं हाही आमच्या कामाचा भाग आहे, समोरचं माणूस आपणच पत्त्यावर येतं. मग तू म्हणालीस, "पाण्यात मला हवं तेव्हा मी डोकं वर काढते गं. तिथे तोंडावर कापड टाकणार आणि म्हणणार, हलू नका." पोहायला शिकवणारी माझी आत्या आणि तिला गुदमरण्याची भीती. मला हसू आलं नाही. उलट इतकं बरं वाटलं, की ते लिहायला संकोच होतो. दुसऱ्याच्या भीतीने आपल्याला बरं वाटावं, हे चांगलं लक्षण आहे का? समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला भीतीने नाही, सोबतीने बरं वाटलं. बघू, विचार करते आहे.

मग तुझ्याच पायऱ्या तुला उतरायला लावल्या. एक दिवस नुसतं दवाखान्याच्या बाकावर बसून ये. एक दिवस डॉक्टरांना विचार, कापड नाकापासून वर धरता येईल का. ते हो म्हणाले, तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता माहीत आहे? तलावावरच्या शिट्टीसारखा. मी रजा संपायच्या आत तिकडे येणार होते. पण काल संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की उद्या सकाळची जागा रिकामी झाली आहे, आणि तू शिंकायच्या आत गाडीमास्तरांनी हो सांगून टाकलं. इतक्या लांबून रातोरात पोहोचणं शक्य नव्हतं. म्हणून सकाळपासून फोनवर होते. गाडीत, बाकावर, चाकाच्या खाटेवर. तू शेवटी विचारलंस, "आहेस ना गं?" मला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की माझा आवाज जाईल. गेला नाही. मी म्हणाले, "मी लाइनवर आहे." 'कुठेही जात नाही' हे मात्र म्हटलं नाही. दार लागणार हे मला माहीत होतं. जेवढं खरं होतं तेवढंच बोलले.

इथे थांबावं लागलं. फोन आला होता.

गाडीमास्तर होते. म्हणाले, झालं, सगळं नीट झालं, बाई चहा मागत आहेत आणि तो साखरेचा असला तरच पिणार म्हणत आहेत. मी "बरं, बरं" एवढंच म्हणत राहिले. नवरा दारात उभा होता, त्याला हाताने खूण केली. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. मला वाटलं, मी रडते आहे म्हणून बघतो आहे.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "पहिल्याच घंटीला उचललास."

आत्या, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझी,
भाची

४ एप्रिल

टकळे,

हे माझं अक्षर. बघ, ओळी कशा शाळेतल्या पोरींसारख्या रांगेत उभ्या आहेत. पेन तेच आहे.

एका डोळ्याने जग परत मिळालं आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर माझ्या घरातली जाळी. इतके दिवस कोळी माझ्यासोबत बिनभाड्याने राहत होते. मग आरशात गेले. तिथे एक म्हातारी होती, तिला म्हटलं, बाई, तुम्ही कधी आलात? गाडीमास्तरांनाही नीट बघितलं. त्यांचे केस एवढे पांढरे कधी झाले ते त्यांनाच माहीत. मी इतके दिवस त्यांना तरुण समजून कामं सांगत होते.

आत काय झालं ते ऐक. कापड नाकाच्या वरच होतं. तरी एकदा घाबरले. मग तुझा आवाज आठवला. तू काय बोलत होतीस ते आठवलं नाही, नुसता आवाज. त्याच्यावर पडून राहिले, पोरी माझ्या हातावर पडायच्या तशी. बाहेर आल्यावर ती नर्स विचारत होती, त्या फोनवरच्या बाई कोण, आमच्या इतर पेशंटांना मिळतील का? मी म्हटलं, त्यांची आधीच एक नोकरी आहे.

आहे ना गं? मोठ्या बाईंनी काय ठरवलं ते तू फोनवर सांगत नाहीस. "लिहीन" म्हणतेस. आता मला लपवाछपवी पुरे.

तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. मार्चमधल्या पत्रात 'तो आगाऊ गाडीमास्तर तुझं डोकं खात नाही ना' असं आहे. मला ते 'ते सज्जन गृहस्थ तुझी काळजी घेतात ना' असं वाचून दाखवण्यात आलं होतं. विचारलं, तर म्हणाले, अक्षर लागत नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मी स्वतः जाऊन मागून आणली. सर्दी नाही.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

फोनवर सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत मला खात्री नव्हती. मोठ्या बाईंनी मला एकच विचारलं, परत बसायचं आहे का? मी म्हणाले, बसायचं आहे, पण जमेल अशी हमी देत नाही. त्या म्हणाल्या, हमी देणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. आमच्याकडे परत येणाऱ्याला सुरुवातीला 'दुसरा कान' देतात. म्हणजे शेजारचं माणूस आपला कॉल मुकाट्याने ऐकतं, आणि आपण अडलो तरच बोलतं. माझा दुसरा कान त्याच ताई होत्या, ज्यांनी त्या दिवशी कॉल ओढून घेतला होता. मी त्यांची माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, ते डबा खाताना, आता कानाला लाव.

काल सकाळी पहिला फोन वाजला. बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. ताईंनी मान वळवली नाही, पण त्यांचा श्वास थांबलेला मला हेडफोनमध्ये ऐकू आला. मग कोणीतरी म्हणालं, "पत्ता सांगा." मीच होते.

एक आजोबा होते. आजी पलंगावरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. रागावता येत होतं. मागून सारखं ऐकू येत होतं, की म्हणे साधा फोनसुद्धा नीट करता येत नाही यांना. मी आजोबांना सांगितलं, त्यांना हलवू नका, पांघरूण घाला, दार उघडून ठेवा. दार उघडून आल्यावर ते हळूच म्हणाले, "तुम्ही आहात ना?"

मी म्हणाले, "मी लाइनवर आहे."

रुग्णवाहिकेची माणसं आली, फोन बंद झाला. आजींचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. शेवटपर्यंत मागून आवाज येत होता, एवढं माहीत आहे.

लाइन तुटलेल्या त्या बाई माझ्या मनातून गेलेल्या नाहीत. दुपार झाली की येतात आणि विचारतात. मी त्यांना आता नळ सोडून घालवत नाही. शेजारी बसू देते आणि पुढचा कॉल घेते. ही ताकद कुठल्या दंडात असते ते मला अजून कळलेलं नाही. पण काल संध्याकाळी उजवा खांदा दुखत होता, तोच असेल.

गाडीमास्तरांना सांग, माझं अक्षर खरंच वाईट आहे.

रविवारी फोन करते. आता तुला दिसतं म्हणून धावत येऊन लगेच उचलू नकोस. जरा वाजू दे.

तुझी,
टकळी